आदेशाचे नाव : ‘बंदी’ ह्या शब्दाभोवतीची लोकप्रतिक्रिया

सत्ताधीशाच्या एखाद्या कृतीवर लोकांची प्रतिक्रिया काय झाली, ह्याचा विचार सामान्यतः राज्यशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. परंतु क्वचित असा प्रसंग येतो की, ती सारी प्रतिक्रिया एका शब्दाभोवती गोळा होते; आणि मग भाषेच्या अभ्यासकास गप्प बसता येत नाही. डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी २० जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली आणि अवघ्या एका आठवड्याने, २७ जानेवारीस, परकीयांच्या प्रवेशासंबंधीचा १३७६९ क्रमांकाचा आदेश काढला. त्यावर जो प्रक्षोभ उसळला त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे ते एवढेच की, त्या प्रक्षोभात लोक नेमके कशाविषयी भांडत होते.

आदेशाचा मजकूर प्रथम पाहू. इराण, इराक, लीबिया, सोमालिया, सुदान, सिरिया व येमेन ह्या सात देशांच्या नागरिकांचा प्रवेश ९० दिवस आणि निर्वासितांचा प्रवेश १२० दिवस त्याने स्थगित केला. सिरियातील निर्वासितांच्या बाबतीत मुदतच घातली नाही. मजकुराचे प्रमुख क्रियापद ‘स्थगित करणे’ ह्या अर्थाचे आहे. सातही देशांची सरळ यादी त्यात नाही. आधीच्या एका कायद्याच्या कलमाकडे बोट दाखवून काम भागविले आहे. मुसलमान हा शब्द तर कोठेच नाही. तथापि निर्वासितांचा प्रवेश पुन्हा सुरू होईल तेव्हा स्वदेशात अल्पसंख्य धर्माचे असणाऱ्यांस अग्रक्रम द्यावा, असे एक कलम आहे. ते ज्याने लक्षपूर्वक वाचले त्याला न उच्चारलेला शब्द ऐकू आल्यावाचून राहिला नसेल.

दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर लोक जमले. तेथे अडकविलेल्यांपैकी एक इराकी गृहस्थ अमेरिकन सैन्याचा दुभाषा म्हणून अनेक वर्षे काम केलेला होता. (दोन भाषांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला दोन्हीकडचा संशय येतो, हे दुभाष्यांच्या इतिहासात नवे नाही.) त्याच संध्याकाळी टॅक्सीचालकांच्या संघटनेने विमानतळावरील उतारू घेणे तासभर थांबविले, आणि रात्री ब्रुकलिनच्या संघराज्यीय न्यायालयात न्यायाधीश ॲन डॉनेली ह्यांनी अडकलेल्यांना परत पाठविण्यास मनाई केली. विमानतळांवरील जमावाच्या तोंडी एकच नाव होते : ‘मुस्लिम बॅन’.

हे नाव अचूक होते काय? अभिधेच्या कसोटीवर नव्हते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत, बांगलादेश ह्या देशांतील कोट्यवधी मुसलमानांना त्या आदेशाने स्पर्श केला नव्हता. सरकारच्या समर्थकांनी हाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला आणि वाच्यार्थापुरते ते खरे बोलत होते. परंतु विरोधकांचे नाव वाच्यार्थावर उभेच नव्हते. ७ डिसेंबर २०१५ रोजी, उमेदवार असताना, ट्रम्प ह्यांनी मुसलमानांचा अमेरिकेतील प्रवेश सर्वस्वी बंद करावा असे निवेदन काढले होते. आदेशानंतरच्याच दिवशी त्यांचे सहकारी रूडी जुलियानी ह्यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकले की, प्रथम कल्पना ‘मुस्लिम बॅन’ अशीच होती आणि ती कायदेशीर रीतीने कशी करता येईल ते आपणास विचारण्यात आले. विरोधकांचे नाव ह्या पूर्वपीठिकेतून ध्वनित होणाऱ्या अर्थाला दिलेले होते. त्यांची चूक झाली असेल तर ती ही की, ध्वनित अर्थ त्यांनी वाच्यार्थ म्हणून घोषणेत घातला. त्यामुळे प्रतिपक्षाला मुसलमान देशांची गणती करून उत्तर देणे सोपे गेले.

सरकारपक्षाची अडचण याहून मोठी होती, व ती त्याच्याच प्रमुखाने निर्माण केली. ३० जानेवारीस स्वतः अध्यक्षांनी ट्विटरवर ‘बॅन’ हा शब्द वापरला. ३१ जानेवारीस त्यांचे वृत्तसचिव शॉन स्पाइसर ह्यांनी ही प्रवासबंदी नव्हेच असे सांगून, अध्यक्ष केवळ वृत्तपत्रांचा शब्द उच्चारीत आहेत असा खुलासा केला. अंतर्गत सुरक्षा खात्याचे मंत्री जॉन केली ह्यांनीही हा तात्पुरता विराम आहे असे म्हटले. १ फेब्रुवारीस अध्यक्षांनी लिहिले की, बंदी आहे की नाही ह्यावर सारे वाद घालीत आहेत. काय म्हणावयाचे ते म्हणा. आदेश मार्चमध्ये सुधारून, इराकला वगळून, पुन्हा काढल्यावर ५ जूनला तर त्यांनी वकील व न्यायालये काहीही म्हणोत, मी ह्याला प्रवासबंदीच म्हणतो असे मोठ्या अक्षरांत जाहीर केले. आठवड्याभरात, १२ जूनला, नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने आपल्या निर्णयात त्यांच्या त्याच दिवशीच्या, प्रवासबंदीचाच उच्चार करणाऱ्या दुसऱ्या एका वाक्याचा दाखला दिला. लेखक आपल्या संहितेचा अर्थ सांगावयास स्वतः उभा राहिला म्हणजे भाष्यकारांची काय अवस्था होते, त्याचा इतका बोलका नमुना अलीकडे दुसरा पाहण्यात नाही.

लोकमताचे आकडेही येथे जपून वापरावे लागतात. ३० व ३१ जानेवारी ह्याच दोन दिवसांत गॅलपच्या पाहणीत ५५ टक्क्यांनी नापसंती व ४२ टक्क्यांनी पसंती दर्शविली, तर रॉयटर्स–इप्सॉसच्या पाहणीत ४९ टक्के सहमत व ४१ टक्के असहमत निघाले. हा फरक शब्दयोजनेचा, असे म्हणण्याचा मोह भाषाभ्यासकास होईल. परंतु दोन्ही प्रश्नांत ‘बॅन’ची रूपे होती आणि मुसलमान बहुसंख्येचाही उल्लेख होता. एक पाहणी दूरध्वनीवर माणसाशी बोलून झाली, दुसरी संगणकावर निमूटपणे उत्तरे भरून. जिवंत श्रोत्यासमोर माणूस जे बोलतो ते एकांतात लिहिलेल्यापेक्षा निराळे असू शकते, एवढेच अनुमान मला येथे सुरक्षित वाटते.

मराठी वृत्तपत्रांनी ‘प्रवासबंदी’ हा शब्द रूढ केला. तो इंग्रजीवरून उचललेला व सदोष आहे. प्रवास कोणाचाच बंद नव्हता, प्रवेश बंद होता, म्हणून ‘प्रवेशबंदी’ हेच योग्य. ‘मुस्लिमबंदी’ तर मराठीत घोटाळ्याचाच ठरतो. ‘दारूबंदी’, ‘जमावबंदी’ ह्यांत पूर्वपद निषिद्ध वस्तूचे वा कृतीचे असते, ‘जिल्हाबंदी’त ते स्थळाचे असते, आणि ‘तटबंदी’, ‘मोर्चेबंदी’ ह्यांत तर निषेध मुळीच नसून फारसीतून आलेला बांधणीचा अर्थ आहे. व्यक्तिवाचक पूर्वपद आले की ‘बंदी’ म्हणजे कैदी हा अर्थ डोके वर काढतो. ज्या ८ नोव्हेंबर २०१६ ह्या दिवशी अमेरिकेत मतदान झाले, त्याच दिवशी आपल्याकडे पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली होती. तेथेही ‘निश्चलनीकरण’ हा पंडिती शब्द कागदावर राहिला व लोकांनी ‘नोटाबंदी’ म्हटले. आमच्या वाचकांच्या कानात तो शब्द ताजा असतानाच दुसरी ‘बंदी’ येऊन दाखल झाली.

अखेर प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो संहिता व प्रकरण ह्यांच्या संबंधाचा म्हणून. भर्तृहरीने अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरविणारी जी साधने सांगितली आहेत त्यांत प्रकरण, औचित्य, देश, काल ही येतात. पण प्रकरणाची सीमा कोठे आखावयाची? पदग्रहणापूर्वी उच्चारलेले वाक्य पदग्रहणानंतरच्या आदेशाच्या प्रकरणात मोडते काय? २६ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने सप्टेंबर २०१७ चा तिसरा आदेश कायम केला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स ह्यांच्या बहुमताने ती विधाने नमूद केली. पण वरकरणी धर्मनिरपेक्ष असलेल्या संहितेला सुरक्षेचे सयुक्तिक कारण दिसते एवढे पुरेसे मानले. न्यायमूर्ती सोटोमायोर ह्यांनी विरोधी मतपत्रात तीच विधाने सविस्तर उद्धृत करून, समंजस श्रोता त्यांवाचून आदेश वाचूच शकत नाही अशी भूमिका घेतली. विमानतळावरील जमावाने दीड वर्षापूर्वी हेच अप्रशिक्षित भाषेत म्हटले होते. बहुमताचा निर्णय कायद्याच्या शिस्तीत बसत असेल. अर्थनिर्णयाच्या शिस्तीत मला तो अपुरा वाटतो, कारण वक्ता तोच, विषय तोच आणि मागील विधान त्याने कधी मागे घेतलेले नाही.

नावाचा इतिहास मात्र तेथे संपला नाही. २० जानेवारी २०२१ रोजी जो बायडन ह्यांनी हे निर्बंध रद्द केले, तेव्हा त्या घोषणापत्राच्या शीर्षकातच ‘बॅन’चे अनेकवचनी रूप ‘भेदमूलक’ ह्या विशेषणासह छापले गेले. चार वर्षे रस्त्यावर असलेला शब्द सरकारी दप्तरात शिरला तो असा. पुढे ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले आणि ४ जून २०२५ रोजी त्यांनी बारा देशांच्या नागरिकांचा प्रवेश रोखणारे घोषणापत्र काढले. त्याच्या शीर्षकात ‘बॅन’ नाही. ‘प्रवेश मर्यादित करणे’ असा प्रयोग आहे.