आराखडा कुणाचा, हात कुणाचे?

प्रतिभेवर आपल्याकडे प्रबंध लिहिणाऱ्यांचे हात बहुधा चुन्यामातीने मळलेले नसतात. म्हणून बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजकडे पुन्हा पाहावेसे वाटते. सिडकोची ही वसाहत चार्ल्स कोरियांनी आखली. १९८३ ते १९८६ या काळात ती उभी राहिली. आठ मीटरच्या चौकाभोवती सात-सात सुटी, कौलारू घरे. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे गरीब-श्रीमंतांच्या जागेत फारसे अंतर नाही. बांधणी गावच्या गवंड्याला जमेल अशी, आणि ऐपतीप्रमाणे माणसाने घर वाढवावे ही मूळ कल्पना.

ही कल्पना थोरच. पण लोकांनी खरोखर मजले चढवले, कौले उतरवून स्लॅब घातले, तेव्हा रसिक हळहळले: सौंदर्य गेले! वाढवायला दिलेले घर वाढले, तर बिघडले कसे? काही मजले बेढब आहेत, हे मीही नाकारत नाही. पण जागा मोकळी सोडणाऱ्याची ती प्रतिभा आणि भरणाऱ्याची नासधूस, हा न्याय कुठला? जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवले. वास्तुकाराचे नाव ग्रंथात जाते. विटा रचणारा, घमेली वाहणारी बाई हजेरीपटावरच राहतात.

शिक्षकांनी मुलांना वह्या देऊन तिथल्या गवंड्यांकडे पाठवावे. अरुंद जागेत जिना कसा बसवला, गळती कशी थांबवली, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आणि वहीवर आधी त्यांचे नाव घालावे.