‘संचय’ या संज्ञेचे दोन अर्थ

कृंतक प्राण्यांच्या वृषणात शुक्रपेशी घडत असताना प्रथिनांचा संचय कसा होतो, याविषयीच्या लेखनात ‘संचय’ ही संज्ञा पुष्कळदा इतकी सैल योजिली जाते की, नेमके काय साठले आणि केव्हा, हे वाचकास उमगत नाही. उंदरातील प्रोटामिन या प्रथिनाचे उदाहरण घेतल्यास हा घोटाळा उघड होतो. त्याचा संदेश, म्हणजे दूत आरएनए, अर्धसूत्री विभाजन आटोपलेल्या गोल पेशींतच लिहिला जातो. प्रथिन मात्र कित्येक दिवसांनी, पेशी लांबट होऊ लागल्यावर निर्माण होते. मधल्या काळात साठलेला असतो तो संदेश, प्रथिन नव्हे. केंद्रक आवळले जाऊ लागले की नवे लेखन थांबते; तेव्हा पुढची बेगमी आधीच करून ठेवणे पेशीस भाग आहे.

या संदर्भात ब्रॉन, ब्रिन्स्टर, पामिटर प्रभृतींचा १९८९ सालचा प्रयोग भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावा असा आहे. त्यांनी मानवी वृद्धिसंप्रेरकाचा संदेश उंदरांच्या शुक्रपेशींत दोन प्रकारे लिहविला. एकास प्रोटामिनच्या संदेशाचे शेपूट जोडले, दुसऱ्यास संप्रेरकाचे स्वतःचेच ठेवले. या शेपटातून प्रथिनाचा एकही घटक बनत नाही. तरीही पहिल्या प्रकारात संप्रेरक लांबट पेशींत, उशिरा निर्माण झाले. दुसऱ्यात ते गोल पेशींतच दिसले. एकाच वर्णाच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या शब्दांची जोडी ध्वनिविचारात जे काम करते, तेच येथे या दोन संदेशांनी केले. धातूस लागून काळ दर्शविणाऱ्या प्रत्ययाचीही आठवण होते. परंतु प्रत्यय काळ केवळ सांगतो, हे शेपूट तो घडविते, एवढा भेद विसरता कामा नये.

हा विलंब निव्वळ योगायोग नव्हे, हे १९९५ साली ली, ब्रॉन आणि सहकाऱ्यांनी दाखविले. ते शेपूट काढून प्रोटामिन अकाली निर्माण होऊ दिले, तेव्हा केंद्रक वेळेआधीच आवळले गेले, पेशींची वाढ खुंटली आणि नर वंध्य ठरले.

अशा स्थितीत संदेशाचे मोजमाप करून त्यालाच ‘प्रथिनसंचय’ म्हणणे ही केवळ शब्दाची चूक राहत नाही, निष्कर्षच चुकतो. ‘भाषांतर’ ही रूढ संज्ञाही येथे अपुरी वाटते, कारण तीत विलंबाची छटा नाही. ‘अनुवाद’ या शब्दात मागाहून बोलणे हा मूळ अर्थ आहे. प्रोटामिनच्या बाबतीत तोच अधिक नेमका ठरतो. निदान कोष्टकांच्या शीर्षकांत तरी ‘संदेशसंचय’ आणि ‘प्रथिनसंचय’ असे दोन वेगळे रकाने असावयास हवेत.