शिंपल्याचें वय आणि निबंधाचें शीर्षक

शास्त्रीय निबंधांकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. परंतु जेथें पुरावा आहे तेथें तो वाचण्याची कलाहि आहे. आणि वाचन आलें कीं टीकेचा अधिकार आलाच. म्हणून स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, कार्ताहेना शहराजवळ असलेल्या आवियोनेस नांवाच्या गुहेसंबंधींचे दोन निबंध आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिला निबंध २०१० सालीं प्रसिद्ध झाला, दुसरा २०१८ सालीं. झिल्यांव हे पोर्तुगीज पुरातत्त्वज्ञ दोहोंच्याहि लेखकांत आहेत. दुसऱ्यांत अग्रस्थान हॉफमन यांस आहे. इबेरियांतील निआंडरथल मानवांनीं समुद्री शिंपले व खनिज रंग यांचा केलेला प्रतीकात्मक उपयोग, अशा अर्थाचें शीर्षक दोन्ही निबंधांस आहे. दुसऱ्यांत '१,१५,००० वर्षांपूर्वीं' एवढेंच अधिक. सारा वाद ह्या भरीच्या शब्दांत सांठलेला आहे.

ह्या गुहेंत भोंकें असलेले व गेरूनें माखलेले शिंपले सांपडले. कांहीं शिंपल्यांत मिश्र रंगांचे अवशेषहि होते. पहिल्या निबंधानें किरणोत्सर्गी कार्बनाच्या आधारें त्यांचें वय सुमारें ४५ ते ५० हजार वर्षें ठरविलें. जवळजवळ त्याच काळांत आपल्या जातीचा मानव युरोपांत पसरूं लागला होता. तेव्हां निआंडरथलांनीं हें सारें नव्या शेजाऱ्यांचें पाहून केलें, असें म्हणावयास जागा राहिली. येथें वय हा केवळ आंकडा नव्हे. एका नामशेष मानवजातीची बुद्धि स्वतःची कीं उसनी, याचा निवाडा त्यावर अवलंबून आहे.

परंतु कार्बनाची साक्ष कोठवर घ्यावी? हा कार्बन दर ५,७३० वर्षांनीं निम्मा होतो. ५० हजार वर्षांनीं मूळच्या सुमारें चारशें भागांपैकीं एक भाग उरतो. शिंपला जमिनींत पडून असतां पाझरत्या पाण्यांतील नवा कार्बन त्यांत शिरला, तर अतिप्राचीन शिंपलाहि तरुण दिसूं लागतो. शेंकडा एक भाग आजचा कार्बन मिसळला, कीं त्याचें वय ३७ हजारांच्या पलीकडे जात नाहीं. उलट, समुद्राच्या पाण्यांत जुना कार्बन मुरलेला असल्यामुळें समुद्री शिंपला जात्याच सरासरीनें चारशें वर्षांनीं म्हातारा दिसतो. परंतु येथें ती चूक क्षुल्लक होय. सारांश, '५० हजार' हें पुष्कळदां वय नसून मोजपट्टीचें टोंक असतें.

दुसऱ्या निबंधानें शिंपल्यास प्रश्नच विचारलेला नाहीं. शिंपल्यांच्या थरावर चुन्याचें जें पुट चढलें, त्याचें वय त्यानें काढलें. पाण्याबरोबर युरेनियम विरघळून येतें, थोरियम जवळजवळ येत नाहीं. म्हणून पुटांत सांपडणारें थोरियम तेथेंच युरेनियमापासून झालें, हें त्या गणिताचें तत्त्व. पुट १,१५,००० वर्षांचें, तर त्याखालचे शिंपले त्याहून जुने.

आमच्या पोथ्यांच्या अभ्यासकांस हा न्याय नवा नाहीं. नकलेचा शक हा ग्रंथाचा शक नव्हे. ग्रंथ त्यापूर्वींचा, एवढेंच तो सांगतो. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली, यावरून ती त्याआधींची ठरते. शके १२१२ हा काळ कळावयास ग्रंथाच्या शेवटची ओंवीच लागते. म्हणून लेखकांनीं शीर्षकांत 'निदान' हा एक शब्द घातला असता, तर तें अधिक प्रामाणिक झालें असतें. शिवाय पुट आणि शिंपल्यांचा थर यांचा संबंध अखंड आहे कीं नाहीं, हा प्रश्न प्रयोगशाळेंत सुटत नाहीं. तो गुहेंत उभें राहूनच सोडवावा लागतो.

लेखकांचा मोह आणखीहि एका ठिकाणीं दिसतो. आधुनिक मानवाच्या तशाच पुराव्याहून आपला पुरावा २० ते ४० हजार वर्षांनीं जुना, असें त्यांनीं म्हटलें. २०२१ सालीं मोरोक्कोंतील बिझमून गुहेंतील शिंपल्यांचे मणी निदान १,४२,००० वर्षांचे असल्याचें प्रसिद्ध झालें, आणि तो मान तीन वर्षांतच गेला. 'पहिला' हा शब्द इतिहासकारानें जपून वापरावा, तो याचसाठीं. निआंडरथलांनीं युरोपांतील नवागतांची नक्कल केली नाहीं, हा मूळ सिद्धांत मात्र थरांचा संबंध खरा असेल तोंवर उभा आहे.

इतके दोष दाखवूनहि आम्हांस हे निबंध आदरणीय वाटतात. स्वतः छापलेला आंकडा आठ वर्षांनीं स्वतःच खोडणें, आणि तेंहि जुनें शीर्षक तसेंच ठेवून उघडपणें, ही वृत्ति विरळा. आपल्या ग्रंथकारांच्या काळासंबंधीं लिहिणाऱ्या आम्हां मंडळींनीं ती शिकण्यासारखी आहे.