'गाडीवान' : पश्चात्तापाची किंमत कोणी मोजायची?

स्वीडनच्या सेल्मा लागरलोफ ह्या साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या लेखिका (१९०९). क्षयरोगाविषयी लोकजागृती व्हावी म्हणून त्यांच्याकडे लेखनाची मागणी करण्यात आली आणि त्यातून १९१२ साली एक छोटी कादंबरी जन्मली. तिच्यावर व्हिक्टर श्योस्ट्रोम यांनी १९२१ साली मूकपट काढला व नायकाची भूमिकाही स्वतःच केली. मूळ नावाचा अर्थ 'गाडीवान'. जगाला तो 'द फँटम कॅरिज' ह्या नावाने परिचित आहे.

वर्षाच्या अखेरच्या रात्री बाराच्या ठोक्याला जो मरतो, त्याने पुढील वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची, अशी कथेतील समजूत. व्यसनी डेव्हिड होल्म दफनभूमीतील मारामारीत कोसळतो. गाडी घेऊन येतो तो त्याचाच जुना सोबती, आणि डेव्हिडचे गतायुष्य त्याच्यापुढे उलगडतो.

एकाच फिल्मवर दुहेरी चित्रण करून छायालेखक यूलियस येन्सोन यांनी साकारलेली ती पारदर्शक गाडी आजही थक्क करते. तथापि चित्रपटाचे खरे सामर्थ्य भुताखेतांत नाही, घरात आहे. मुक्तिफौजेची सिस्टर एडिट रात्रभर जागून डेव्हिडचा फाटका कोट शिवते. सकाळी तो तिच्यासमोरच ते टाके उसवून टाकतो. त्या कोटातूनच तिला क्षयाची बाधा होते. पुढे, दुरावलेल्या पती-पत्नीला ती मोठ्या आशेने पुन्हा एकत्र आणते. परिणाम काय? जीव मुठीत धरून पत्नी त्याला स्वयंपाकघरात कोंडते आणि तो कुऱ्हाडीने दार फोडून बाहेर येतो.

समेट घडवून आणणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य लक्षपूर्वक पाहावे. एडिटच्या प्रीतीत खोट नाही; पण त्या प्रीतीची किंमत दुसरीच स्त्री मोजते. मृत्युशय्येवरील एडिटला हीच जाणीव छळते. सत्कृत्य करणाऱ्यालाही आपल्या कृतीचा जाब द्यावा लागतो, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे चित्रपट विरळाच.

म्हणूनच शेवट थोडा उणा वाटतो. मुलांसह विष घेण्याच्या निर्धाराला पोहोचलेल्या पत्नीपाशी डेव्हिड वेळेवर परततो, रडतो आणि थोड्याच वेळात तिचा विश्वास संपादन करतो. हिल्डा बोर्गस्ट्रोम यांच्या थिजलेल्या चेहऱ्याने मात्र तोवर इतके सोसलेले दाखवले आहे की, ही घाई खटकते. पापक्षमा क्षणात मिळू शकते. मोडलेला विश्वास जुळायला वर्षे लागतात. पश्चात्तापानंतर केलेल्या हानीची भरपाई येते, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो आहोत. डेव्हिडची ती भरपाई चित्रपट संपल्यावर सुरू होणार आहे.

शंभर वर्षे उलटूनही हा मूकपट जुना होत नाही. पडद्यावरची गाडी निघून जाते. फोडलेले ते दार मात्र मनात तसेच उघडे राहते.