‘असें झालें असतें तर’ : अरबांच्या साम्राज्यविस्ताराविषयींचे तर्क आणि नवसारीचा ताम्रपट

इस्लामच्या उदयानंतर शंभर वर्षांच्या आंत अरबांची सत्ता सिंधु नदीपासून पिरेनीज पर्वतापर्यंत पसरली. हा वेग पाहून पुढील काळांतील ग्रंथकारांस एक प्रश्न वारंवार मोह घालीत आला आहे. अमुक लढाईंत अरबांस जय मिळाला असता, तर त्यांचें राज्य कोठवर गेलें असतें? गिबननें इ. स. १७८८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या रोमविषयक इतिहासाच्या बावन्नाव्या प्रकरणांत या कल्पनेस मोकळें रान दिलें. फ्रान्समध्यें चार्ल्स मार्तेल हरला असता तर अरबांचें आरमार थेम्सच्या मुखांत शिरलें असतें आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत कुराणाचें व्याख्यान चाललें असतें, असा त्याचा आशय. पुढें क्रीसीनें इ. स. १८५१ च्या आपल्या ग्रंथांत जगांतील पंधरा निर्णायक लढायांमध्यें हिची गणना केली, आणि गिबनची कल्पना जवळजवळ सिद्धान्त होऊन बसली.

असल्या तर्कांस इतिहासांत मुळींच स्थान नाहीं, असें म्हणणारा एक पक्ष आहे. आम्हांस तें मत मान्य नाहीं. ‘या लढाईनें दक्षिण वांचली’ असें जो लिहितो, तो ‘ही लढाई हरली असती तर दक्षिण गेली असती’ हेंही त्याच लेखणीनें लिहीत असतो. मात्र दुसरें वाक्य तो उघड मांडीत नाहीं, म्हणून त्याची तपासणी होत नाहीं. तर्क उघड मांडावा व मग तो साधनांच्या कसोटीस लावावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. ती कसोटी आम्ही तीन स्थळांस लावून पाहतों.

पहिलें स्थळ गिबनचेंच. इ. स. ७३२ मध्यें तूर व प्वातिए यांच्या दरम्यान अंदलुसचा सुभेदार अब्द-अल्-रहमान अल्-गाफिकी मारला गेला. या प्रसंगाचें जवळच्या काळांतील महत्त्वाचें साधन म्हणजे इ. स. ७५४ पर्यंतचा वृत्तान्त देणारी, स्पेनमधील एका अनामिक ख्रिस्ती लेखकाची लॅटिन बखर. तिच्यांत लढाई मोठी आहे, पण जगाचें भवितव्य तिच्यावर टांगलेलें नाहीं. शिवाय पराभवानंतरही अरबांच्या हालचाली थांबल्या नाहींत. पुढील पांच वर्षांत ते आव्हिन्यों शहरांत शिरले, चार्ल्सनें इ. स. ७३७ मध्यें तें परत घेतलें, परंतु नार्बोन त्यास घेतां आलें नाहीं. तें फ्रँकांच्या हातीं आलें इ. स. ७५९ मध्यें. जी लढाई झाल्यावर शत्रू सत्तावीस वर्षें त्याच देशांत ठाण मांडून राहतो, तिनें त्यास कायमचें परतविलें असें कसें म्हणावें? अरबांचें पाऊल खरें अडलें तें इ. स. ७४० च्या सुमारास आफ्रिकेंत उसळलेल्या बर्बरांच्या बंडानें, अंदलुसमधील यादवीनें आणि इ. स. ७५० मध्यें उमय्या घराण्याची खिलाफत बुडाल्यानें.

मग चार्ल्सच्या जयास अर्थ नव्हता काय? होता, पण तो निराळा. अक्विटेनचा ड्यूक ओदो यानें इ. स. ७२१ मध्यें तुलूझ येथें अरबांचा स्वबळावर पराभव केला होता. त्यास अकरा वर्षांनीं चार्ल्सच्या दारीं मदतीस जावें लागलें, आणि त्याबरोबर त्याच्या स्वातंत्र्यास उतरती कळा लागली. चार्ल्स हरता तर ऑक्सफर्डचें काय होतें हें सांगण्यास साधन नाहीं; चार्ल्सच्या घराण्याचा उत्कर्ष मात्र खुंटला असता, एवढें म्हणण्यास आधार आहे. तर्क लहान झाला, पण खरेपणाच्या जवळ आला.

दुसरें स्थळ कॉन्स्टँटिनोपल. इ. स. ७१७-१८ मध्यें मस्लमानें या शहरास जमिनीवरून व समुद्रावरून वेढा घातला. तिसरा लिओ बादशहा, आरमार जाळणारा ‘ग्रीक अग्नि’, बल्गारांचे हल्ले व कडक हिंवाळा यांच्यापुढें वेढा उठला. मध्यंतरीं खलिफा सुलेमान मरण पावला व त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या उमरनें सैन्य परत बोलाविलें. येथें तर्कास तुलनेचा आधार मिळतो. इराणच्या सासानी राज्याची राजधानी इ. स. ६३७ मध्यें गेली, इ. स. ६४२ मध्यें नहावंदचा पराभव झाला आणि इ. स. ६५१ मध्यें शेवटचा राजा मारला गेला, तेव्हां तें राज्य नाहींसें झालें. रोमी राज्याचे सीरिया व मिसर हे प्रांत गेले, पण राजधानी राहिली, म्हणून राज्य राहिलें. ती पडती तर काय झालें असतें याचा नमुना शेजारींच घडलेला होता. प्वातिएहून हा वेढा अधिक निर्णायक होता असें आम्ही म्हणतों, तें याच कारणानें.

तिसरें स्थळ आमच्या वाचकांच्या घरचें. महंमद बिन कासिमनें इ. स. ७१२ मध्यें दाहिराचा पाडाव करून सिंध घेतला. पुढें खलिफा हिशाम याच्या कारकीर्दींत सिंधचा सुभेदार जुनैद यानें चोहोंकडे फौजा धाडल्या. नवव्या शतकांतील ग्रंथकार बलाधुरी त्यांच्या मार्गांत भडोच, उज्जैन, माळवा व गुर्जरांचा देश यांचीं नांवें देतो. या बाजूचा लेख म्हणजे लाटाचा चालुक्य राजा अवनिजनाश्रय पुलकेशी याचा कलचुरि संवत् ४९०, म्हणजे इ. स. ७३८-३९ चा नवसारीचा ताम्रपट. महामहोपाध्याय मिराशी यांनीं इ. स. १९५५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कलचुरि-चेदि लेखसंग्रहांत तो वाचावयास मिळतो. सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य व गुर्जर राजांस जिंकून ताजिकांचें सैन्य दक्षिणापथ जिंकण्याच्या इच्छेनें नवसारीवर आलें, त्याचा पुलकेशीनें पराभव केला, आणि वल्लभ राजानें त्यास ‘अनिवर्तकनिवर्तयितृ’ आदि चार बिरुदें दिलीं, असें तो सांगतो. हा वल्लभ म्हणजे बदामीचा दुसरा विक्रमादित्य.

यावरून ‘नवसारी पडती तर दक्षिणापथ पडता’ असें अनुमान काढण्यापूर्वीं तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. ताजिकांचा हेतु आपणांस कळतो तो त्यांच्या कागदांतून नव्हे, विजेत्याच्या दफ्तरांतून. आणि शत्रूचा संकल्प जितका मोठा, तितकें बिरुद मोठें. दुसरें, प्रशस्तींचे शब्द एकमेकांशीं ताडून पाहावे लागतात. गुर्जर राजा चौथा जयभट याच्या कलचुरि संवत् ४८६ च्या लेखांत वलभी येथें त्यानेंच ताजिकांस शमविल्याचें म्हटलें आहे; चारच वर्षांनीं पुलकेशीचा पट गुर्जरांस ताजिकांनीं जिंकलेल्यांच्या यादींत बसवितो. तिसरें, स्वारी जुनैदाच्या वेळची कीं त्याच्यामागून आलेल्या सुभेदाराच्या वेळची, हें ताम्रपटाच्या तिथीवरून ठरत नाहीं. ती तिथि दानाची आहे, लढाईची नाहीं.

असें असूनही पटाचें साक्षित्व आम्ही हलकें मानीत नाहीं. बलाधुरी नवसारीचें नांव घेत नाहीं; पण जुनैदानंतरच्या तमीमाच्या वेळीं मुसलमानांस हिंदच्या कित्येक भागांतून निघून जावें लागलें, आणि पुढें हकम यास आपल्या लोकांच्या आश्रयासाठीं महफूजा नांवाचें ठाणें वसवावें लागलें, हें तो सांगतो. एकमेकांस न ओळखणारे दोन साक्षीदार, एक अरबी व एक संस्कृत, एकाच दिशेकडे बोट दाखवितात. मात्र ज्या सत्तेस सिंधच्या परिसरांतच आश्रयाचें ठाणें शोधावें लागलें, ती एका जयानें तुंगभद्रेपर्यंत नांदली असती असें म्हणवत नाहीं. पटाच्या शब्दांप्रमाणें पाहिलें तर लढला तो सामन्त. बदामीचें मुख्य बळ त्याच्या मागें होतेंच. लाटाचीं बंदरें मात्र जाण्याचा संभव होता, आणि भडोचपासून संजाणपर्यंतचा किनारा जाणें हेंही थोडें नव्हे.

या किनाऱ्याची पुढील हकीकत तर्ककारांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. चिंचणी येथें सांपडलेल्या शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटांत, राष्ट्रकूट तिसरा इंद्र याच्या वतीनें संजाणवर अंमल करणारा मधुमति नांवाचा ताजिक अधिकारी दिसतो, आणि तो पट देवीच्या मठिकेस दिलेल्या दानाचा आहे. मधुमति म्हणजे महंमद. इ. स. ९१६ च्या सुमारास चौल पाहिलेला मसूदी तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत असल्याचें व बल्हारा राजा त्यांचा आदर करीत असल्याचें लिहितो. जे ताजिक नवसारीवर तरवार घेऊन आले, त्यांच्याच नांवाचे लोक दोन शतकांच्या आंत त्याच किनाऱ्यावर चाकरीनें व व्यापारानें नांदत होते. साम्राज्याची सीमा व लोकांची सीमा या दोन भिन्न रेषा आहेत. लढाईवर सर्व भार टाकणारा तर्क पहिलीच तेवढी पाहतो.

खालिद यह्या ब्लँकिन्शिप यांनीं इ. स. १९९४ च्या आपल्या ग्रंथांत हिशामच्या कारकीर्दींतील सर्व सरहद्दींचे पराभव एकत्र मांडून खिलाफतीचा पाया कसा खचला हें दाखविलें आहे. अनेक सरहद्दींवर एकाच पिढींत पाऊल अडतें, तेव्हां समान कारण शोधलेंच पाहिजे. या मांडणीनें गिबनचा एका लढाईचा मोह उतरतो. मात्र समान कारणाच्या भरांत स्थानिक कर्ते पुसले जाऊं नयेत. दमास्कसची तिजोरी रिती झाली म्हणून नवसारीस कोणी लढलें नाहीं, असें होत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस विनंती. इ. स. १९३१ च्या एका इंग्रजी संग्रहांत फिलिप ग्वेडाला यांनीं स्पेनचे मूर विजयी झाले असते तर, हा विषय काल्पनिक ग्रंथांतील उतारे रचून रंगविला. वाङ्मयांत तें शोभतें. आमच्या क्षेत्रांत रचलेला कागद म्हणजे विष होय, आणि लपविलेला कागद त्याच्या खालोखाल. पट कोठें सांपडला, कडी व मुद्रा बरोबर होती कीं नाहीं, दुसरा पत्रा कोणाकडे गेला, हें लिहून ठेवावें व ठसे प्रसिद्ध होऊं द्यावे. नवसारीचे पत्रे एखाद्या तांबटाच्या भट्टींत गेले असते तर बलाधुरीचें मौन तेवढें आपल्या हातीं उरलें असतें, आणि या लढाईविषयीं खरा किंवा खोटा कोणताच तर्क करतां आला नसता.