'सामान्यतः' हा शब्द कुठे गळला?

'आयनिक संयुगे स्थायू असतात व त्यांचे द्रवणांक उच्च असतात.' हे विधान आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. विधानाच्या आधी 'सामान्यतः' असा शब्द हवा. पण परीक्षेपर्यंत पोचता पोचता तो गळून पडतो. मग 'आयनिक संयुग द्रवरूप असू शकेल का?' या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जातात. आमचा आक्षेप आहे तो इथे.

कारण त्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आहे. इथाइल अमोनियम नायट्रेट हा क्षार सुमारे १२ अंश सेल्सिअसला वितळतो, हे पॉल वाल्डेन यांनी १९१४ सालीच नोंदवले होते. हे मिठाचे पाणी नव्हे. यात पाणी नाहीच, आहेत ते केवळ आयन.

अलीकडचे उदाहरण टेट्रासायनोबोरेटचे. जर्मनीतील हेल्गे विल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास या ऋणायनाचे क्षार तयार केले. पोटॅशियम टेट्राफ्लुओरोबोरेट, पोटॅशियम सायनाइड व लिथियम क्लोराइड एकत्र तापवले की फ्लोरिनच्या जागी सायनाइड गट येतात. (सायनाइड जहाल विष आहे, हा शाळेत करण्याचा प्रयोग नव्हे.) क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहिली तेव्हा मध्यभागी बोरॉन आणि चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे गेलेले चार सायनाइड गट दिसले. एकच ऋणप्रभार, तोही एवढ्या मोठ्या आयनावर पसरलेला!

या ऋणायनाला पोटॅशियमची जोड दिली तर घन स्फटिक मिळतात. पोटॅशियमऐवजी इथाइल-मिथाइल-इमिडॅझोलियम हा मोठा, बेढब धनायन दिला, तर खोलीच्या तापमानाला वाहणारा द्रव मिळतो. म्हणजे द्रवरूपाचे श्रेय एकट्या ऋणायनाचे नाही, जोडीचे आहे. प्रभारांमधले अंतर वाढले की आकर्षण घटते. आकार बेढब असला की आयनांची घट्ट रचना जमत नाही. मिठाला ८०१ अंशांपर्यंत घट्ट धरून ठेवणारा कूलोमचा नियमच या द्रवाचाही खुलासा करतो. नियम मोडलेला नाही. आपण तो अर्धाच शिकवला.

'शाळेत एवढे कशाला?' असे कोणी विचारील. टेट्रासायनोबोरेटचे नाव सांगू नका, हवे तर. फळ्यावर चारच आकडे लिहा: सोडियम फ्लुओराइड ९९३, क्लोराइड ८०१, ब्रोमाइड ७४७, आयोडाइड ६६१ अंश सेल्सिअस. ऋणायन मोठा होत जातो तसा द्रवणांक उतरतो, हे मुलांनाच शोधू द्या. मग विचारा, 'दोन्ही आयन आणखी मोठे केले तर?'

या प्रश्नाचे उत्तर जो विद्यार्थी स्वतः काढील, त्याला आयनिक बंध कळला असे म्हणता येईल. नुसती व्याख्या पाठ असणाऱ्याबद्दल तसे म्हणता येणार नाही. निदान उत्तरपत्रिका तपासताना तरी 'सामान्यतः' हा शब्द आपण परत जागेवर ठेवू या.