काचेवरचा पिवळा

पुण्यातल्या तरुण चित्रकाराच्या खोलीत हल्ली ईझलशेजारी एक काचेची पाटीही दिसते. तिच्यावर इलेक्ट्रॉनिक लेखणीने तो आधी चित्र जुळवतो आणि मग कॅनव्हासला हात घालतो. जुन्या मंडळींना हे रुचत नाही. ‘यंत्राची चित्रकला’ म्हणून ती नाक मुरडतात. हा आक्षेप मला तरी लटका वाटतो. दिवाळी अंकांवरच्या रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांतली ती मऊ, तुकतुकीत कांती स्प्रेच्या फवाऱ्यातून उतरलेली होती. आमच्या घरी ती चित्रे चौकटीत बसवून भिंतीवर लावली होती. फवाऱ्याला कोणी बोल लावल्याचे स्मरत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. वाचकहो, दारचा आकाशकंदील आणि उंबऱ्यापुढची रांगोळी आज जरा नीट पाहा. कंदिलाचा रंग आतल्या उजेडाचा. रांगोळीचा रंग बाहेरचा उजेड अंगावर पडेल तेव्हा खुलणारा. पाटी कंदिलाच्या जातीची, कॅनव्हास रांगोळीच्या. मोबाइलवर एखादा पिवळा झेंडू काढून काचेवर पाण्याचा बारीक थेंब ठेवा. थेंबाखाली तांबडे आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा कोठेच नाही! दोन उजेड मिळून डोळ्याला तो भासतो. तेच दोन रंग नळीतून काढून कालवले, तर हाती मातकट तपकिरी येईल.

म्हणूनच काचेवर साधलेली पर्वतीवरची संध्याकाळ जशीच्या तशी कॅनव्हासवर उतरवू पाहणारा फसतो. उजेड आणण्यासाठी तो पांढरा मिसळत जातो आणि आभाळ खडूसारखे फिके पडते.

डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने हे भान राखले. वोल्डगेटच्या रस्त्यावरचा २०११ सालचा वसंत त्याने आयपॅडवर टिपला. त्यातली ५१ चित्रे कागदावर मोठी छापली. त्याच कृतीतले तैलचित्र मात्र ३२ कॅनव्हास जोडून स्वतंत्र रंगवले. २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत दोन्ही एकत्र मांडली गेली.

पाटीवर चुकलेली रेघ एका टिचकीसरशी नाहीशी होते. ही सोय अवश्य घ्यावी. झाड डावीकडे की उजवीकडे, हा घोळ काचेवरच मिटवावा. कॅनव्हास काही स्वस्त नाही! परंतु ओल्या तैलरंगातला चुकलेला फटकारा खरवडला तरी मागे छटा राहते, आणि पुढचा फटकारा तिला विचारूनच द्यावा लागतो. पुष्कळदा चित्राला खोली येते ती तिच्यामुळेच. तेव्हा मांडणी ठरली, की आमच्या तरुण मित्राने पाटी पालथी घालावी, खिडकी उघडावी आणि पिवळा नळीतून काढावा.